इंग्लंडच्या गावात अमेरिकेचा अनुभव किती कामाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतून इंग्लंडला बदली झालेल्या नागपूरकर कुटुंबांविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. भाषा तीच, कंपनी तीच, तेव्हा बस्तान बसायला वेळ लागत नाही, असा त्याचा एकूण सूर होता. लंडनपुरते ते चालून जाईल. पण ज्यांच्या वाट्याला रामटेक-काटोलएवढ्या वस्तीचे गाव येते, त्यांना हा सल्ला महागात पडू शकतो. अशा गावात अमेरिकेतली सवय पावलोपावली आडवी येते आणि पुष्कळदा नागपुरात शिकलेलेच कामी येते. परदेशी जाणाऱ्यांच्या कागदपत्रांचे काम करत असल्याने, लेखात राहून गेलेले तपशील कळवत आहोत. शुल्काच्या रकमा तिथले सरकार अधूनमधून वाढवते, हे लक्षात ठेवून वाचावे.

सुरुवात मिक्सरपासून करू. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. इंग्लंडमध्ये २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणजे आपल्यासारखीच. त्यामुळे अमेरिकेसाठी मुद्दाम घेतलेला ११० व्होल्टचा मिक्सर तिथे कुचकामी ठरतो आणि नागपुरात बर्डीवर घेतलेला साधा मिक्सर मजेत चालतो. बदलायचा तो फक्त प्लग. इंग्लंडच्या चौकोनी पिनांच्या प्लगच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो, बहुधा ३ किंवा १३ अँपिअरचा. ७५० वॉटचा मिक्सर सव्वातीन अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, सुरू होताना आणि घट्ट वाटण घातल्यावर त्याहून जास्त. त्याला ३ चा फ्यूज पुरत नाही, ५ चा मिळतो तो बसवावा. अमेरिकेतली किटली, इस्त्री, केस वाळवायचे यंत्र नुसती पिन बदलून लावले तर व्होल्टेज जवळपास दुप्पट आणि उष्णता साडेतीन पटींहून अधिक होते. १५०० वॉटची किटली साडेपाच हजार वॉट ओढू पाहते आणि जळते. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००-२४०’ छापलेले असते, त्यांची काळजी नको. प्रेशर कुकर मात्र लोहचुंबक लावून पाहावा. चुंबक बुडाला चिकटला नाही तर तो इंडक्शनवर तापणार नाही, आणि भाड्याच्या घरात गॅस असेलच असे नाही.

लेखात सर्वांत घातक विधान वाहन परवान्याविषयी आहे. अमेरिकन परवाना इंग्लंडमध्ये ‘बदलून मिळतो’, असे त्यात म्हटले आहे. ते चूक आहे. कृपया दुरुस्ती छापावी. अमेरिकन परवान्यावर, तसाच भारतीय परवान्यावरही, तिथे राहायला गेल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तो परवाना निरुपयोगी. १३ व्या महिन्यात चालवत राहिलात तर विमा लागू होत नाही, आणि बिनविम्याची गाडी चालवणे हा वेगळा गुन्हा. म्हणून पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच ३४ पाउंड भरून शिकाऊ परवान्याचा ऑनलाइन अर्ज करावा. मग लेखी परीक्षा: ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर हवीत, शिवाय पडद्यावरचे धोके ओळखण्याच्या भागात ७५ पैकी ४४ गुण. तिचा निकाल दोन वर्षे ग्राह्य धरतात, तेवढ्यात रस्त्यावरची परीक्षा द्यायची. त्या परीक्षेची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून १२ महिने दिसतात तेवढे मोठे नाहीत.

रस्त्यावरच्या परीक्षेत १५ पर्यंत किरकोळ चुका माफ असतात, गंभीर चूक एकही चालत नाही. वीस वर्षे अमेरिकेत गाडी चालवलेला माणूस तिथे नापास होतो तो बहुधा चौकात. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. आणि गावातला छोटा गोल चौक म्हणजे कधी कधी डांबरावर रंगवलेला नुसता पांढरा ठिपका असतो, तो न दिसल्यासारखा ओलांडला की संपले. लाल दिव्यावर थांबून उजवीकडे वळण्याची अमेरिकन मुभा इंग्लंडमध्ये नाही. आणि लाल दिव्यावर डावीकडे सटकण्याची आपली ‘फ्री लेफ्ट’ची सवय तर तिथे मुळीच चालत नाही, नागपूरचे शिक्षण इथे मात्र दगा देते. आणखी एक मेख: ऑटोमॅटिक गाडीवर पास झालात तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच. पहिल्या दोन वर्षांत वाहतुकीचे नियम मोडल्याचे ६ दंडगुण झाले की परवाना रद्द होऊन पुन्हा शिकाऊपासून सुरुवात. अमेरिकेतला वीस वर्षांचा स्वच्छ इतिहास त्यात धरला जात नाही. जुनी गाडी घेतली तर आधीच्या मालकाने भरलेला रस्ता कर तुमच्या नावे येत नाही, विकत घेतल्याबरोबर आपला भरायचा.

घराचे पाहू. अमेरिकेत मालमत्ता कर घरमालक भरतो, नागपुरातही मनपाचे बिल मालकाच्या नावे येते. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स घरात राहणारा, म्हणजे भाडेकरू भरतो. घराची ‘ए’ ते ‘एच’ अशी प्रतवारी असते आणि तिला आधार १ एप्रिल १९९१ च्या किमतीचा. घर परवा बांधले असले तरी हिशेब १९९१ चाच. कर सहसा एप्रिल ते जानेवारी अशा १० हप्त्यांत घेतात, मागितले तर १२ करून देतात. हप्ता चुकला की स्मरणपत्र येते. सात दिवसांत भरला नाही तर हप्त्यांची सवलत जाऊन वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. कुटुंबाआधी नवरा किंवा बायको एकटी जाऊन राहणार असेल तर तेवढ्या महिन्यांसाठी २५ टक्के सूट मिळते, पण मागावी लागते. घराचा ताबा घेताना वीज आणि गॅसच्या मीटरचे आकडे फोटो काढून त्याच दिवशी वीज-गॅस कंपनीला कळवावेत, नाहीतर आधीच्या भाडेकरूच्या आंघोळींचे पैसे आपल्याला पडतात. अनामत रक्कम, वार्षिक भाडे ५०,००० पाउंडांच्या आत असेल तर, पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे.

घर ऊबदार ठेवणारा बॉयलर हा नागपूरकरालाही नवा आणि अमेरिकेत गरम हवेच्या झोताची सवय झालेल्यालाही. तो पाणी तापवून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो. त्याच्या दर्शनी भागावर दाबाचा काटा असतो. बॉयलर थंड असताना तो १ ते १.५ बारमध्ये हवा. त्याच्या बराच खाली गेला की बॉयलर स्वतःच बंद पडतो आणि माणसे घाबरून मेकॅनिक बोलावतात. बहुतेक वेळा खालच्या भरण नळीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडून काटा जागेवर आणला की काम होते, व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट बंद करायला तेवढे विसरू नये. रेडिएटर वर गार आणि खाली गरम लागला तर आत हवा अडकली आहे. छोट्या किल्लीने ती सोडायची, पाण्याचा थेंब आला की बंद. कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड करून बंद पडला तर बाहेर जाणारी निचऱ्याची प्लास्टिक नळी गोठली असण्याची शक्यता फार. तिच्यावर कोमट पाणी ओतावे. उकळते ओतले तर नळी तडकते.

बुरशी हा तिथला खरा छळ. थंडी म्हणून खिडक्या गच्च लावायच्या, कपडे आत रेडिएटरवर वाळवायचे आणि कुकरच्या शिट्ट्या करायच्या, की ती सगळी वाफ सर्वांत गार भिंतीवर जाऊन बसते. ती भिंत बहुधा कपाटाच्या मागची असते. खिडकीच्या वरच्या कडेला बारीक झरोका असतो तो उघडा ठेवावा, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, आंघोळीनंतर हवा बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवावा.

दवाखान्याच्या बाबतीत अमेरिकेचे सगळे विसरावे. व्हिसा घेतानाच प्रौढामागे वर्षाला १,०३५ पाउंड आणि १८ वर्षांखालील मुलामागे ७७६ पाउंड आरोग्य अधिभार एकरकमी जातो, व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या पट. डॉक्टर-नर्सच्या हेल्थ अँड केअर व्हिसाला तो माफ आहे. गावात गेल्याबरोबर जवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावे. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणू नये. तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, जीपीची चिठ्ठी लागते. घसादुखी, कानदुखी, सायनस अशा सात तक्रारींवर औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो, हे मात्र गावात फार सोयीचे. पॅरासिटामॉल किराणा दुकानात १६ गोळ्यांच्या पाकिटातच मिळते. अमेरिकेतली शेकडो गोळ्यांची बाटली शोधू नये. हिवाळ्यात दिवस जेमतेम आठ तासांचा असल्याने रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या, असा तिथल्या आरोग्य सेवेचा सल्ला आहे, आणि सावळ्या वर्णाच्यांना तो वर्षभरासाठी. हे म्हणजे ४०० युनिट. इथे आठवड्याला घेतात ती ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोबत देऊ नये.

शाळेकडे नागपूरच्या आजी-आजोबांनीही लक्ष द्यावे, कारण लग्नाच्या तारखा तेच काढतात. इंग्लंडमध्ये मूल चार वर्षांचे झाले की येणाऱ्या सप्टेंबरात शाळेत जाते, वयाची सीमा ३१ ऑगस्ट. त्यामुळे साधारणपणे अमेरिकेतल्या किंडरगार्टनच्या वयाचे मूल तिथे ‘इयर वन’मध्ये आणि तिसरीतले ‘इयर फोर’मध्ये बसते. मूल एक वर्ष पुढे गेले म्हणून पेढे वाटू नयेत. वर्ग मोजण्याची रीत वेगळी, इतकेच. शाळा चालू असताना नागपूरच्या लग्नाला नेले तर ती रजा सहसा मंजूर होत नाही. दहा शालेय आठवड्यांत बिनपरवानगी गैरहजेरी पाच दिवसांवर गेली की प्रत्येक पालकामागे, प्रत्येक मुलामागे ८० पाउंड दंड लागू शकतो, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. आई, बाप आणि दोन मुले, म्हणजे ३२० पाउंड. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा दंड झाला तर थेट १६०, तिसऱ्यांदा प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. उन्हाळी सुटी अमेरिकेत दहा-अकरा आठवड्यांची, इंग्लंडमध्ये सुमारे सहा, जुलैच्या अखेरपासून. मे महिन्यातल्या मुहूर्ताला नातवंडे धरू नयेत.

भेटीला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी दोन गोष्टी. पर्यटक व्हिसावरच्या माणसाला आपत्कालीन कक्षातले उपचार मोफत असतात, पण दाखल करून घेतले की सरकारी दराच्या दीडपट बिल लागते. मुलाने भरलेला अधिभार आई-वडिलांना लागू होत नाही, विमा इथूनच काढून जावे. आणि भारतातून दूध-दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. तूप, पेढे, खव्याची मिठाई विमानतळावर काढून घेतात. सावजी मसाला, पापड, कुरडया न्याव्यात.

गावातली रविवारची शिस्त एका वाक्यात: २८० चौरस मीटरहून मोठे दुकान रविवारी सहाच तास उघडे राहू शकते, तेही १० ते ६ च्या दरम्यान, आणि ईस्टरच्या रविवारी व नाताळच्या दिवशी बंद.

शेवटी नागरिकत्वाचा गुंता, ज्याचा लेखात उल्लेखही नाही. भारतीय पासपोर्टधारक हा राष्ट्रकुलाचा नागरिक असल्याने, वैध व्हिसावर राहत असेल तर त्याला तिथे मतदार म्हणून नाव नोंदवता येते, आणि मत देता येते. हे अवश्य करावे, कारण अमेरिकेतला क्रेडिट स्कोअर तिथे चालत नाही आणि कर्ज किंवा फोनचा करार देणारे पत्ता पडताळताना मतदार यादी पाहतात. अमेरिकन नागरिकाला हा हक्क नाही. अमेरिकेत जन्मलेला मुलगा १८ वर्षांचा झाला तरी आई-बाप मतदार आणि तो नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या ओसीआय कार्डाने त्यात फरक पडत नाही. उलट अमेरिकेचा कर त्याचा पाठलाग करतो: अमेरिकेबाहेरच्या सर्व खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की तिकडे कळवावे लागते, आणि या बेरजेत आजोबांनी नातवाच्या नावाने नागपुरात ठेवलेली मुदत ठेवही येते. इंग्लंडमध्ये करमुक्त असलेले मुलांचे ज्युनिअर आयसा हे बचत खाते अमेरिका करमुक्त मानत नाही. ग्रीन कार्डधारकालाही हेच नियम. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरून निघालेल्याला मात्र अमेरिकेतले वास्तव्य संपल्यावर ही कटकट राहत नाही. ग्रीन कार्ड टिकवायचे असून वर्षाहून जास्त बाहेर राहायचे असेल तर पुनर्प्रवेशाचा परवाना लागतो, तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. त्याचा अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो, इंग्लंडला पोहोचल्यावर तो करता येत नाही.

आपले,
दोन वाचक, धरमपेठ, नागपूर