दोन खेळांमधल्या वीस मिनिटांसाठी आभार

प्रोजेक्शन केबिनमधल्या ऑपरेटरांना सप्रेम नमस्कार.

चित्रपट महोत्सव संपला. समारोपाच्या भाषणात दिग्दर्शक, परीक्षक, स्वयंसेवक सगळ्यांचे आभार मानून झाले. वरच्या केबिनचा उल्लेख मात्र राहून गेला. आम्ही मित्रमंडळी पाचही दिवस तुमच्याच पडद्यासमोर बसलो होतो. हे पत्र उघडं लिहितोय, कारण तुमचं काम नेमकं काय असतं हे आमच्यासारख्या इतर प्रेक्षकांनाही कळायला हवं.

रोजच्या थिएटरात एकच सिनेमा आठवडाभर त्याच लेन्सवर आणि त्याच आवाजावर चालतो. महोत्सवात एका पडद्यावर दिवसाला पाच खेळ असतात आणि प्रत्येकाचं माप निराळं. दोन खेळांमध्ये कागदावर वीस मिनिटं असतात, त्यातली दहा प्रश्नोत्तरं लांबल्यामुळे जातात. उरलेल्या दहा मिनिटांत सभागृह रिकामं होतं, पुन्हा भरतं, आणि तेवढ्यात तुम्हाला चौकट, मास्किंग (पडद्याच्या कडेचं काळं कापड), आवाज, सबटायटल्स सगळं बदलायचं असतं. त्या दहा मिनिटांसाठी मनापासून आभार.

चौकटीपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही जे केलंत ते सहसा कुणी करत नाही. डीसीपी म्हणजे थिएटरला येणारा सिनेमाचा डिजिटल फाइलसंच. २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद) डीसीपीत १.८५ची, म्हणजे उंचीच्या १.८५ पट रुंद, चौकट १९९८ × १०८० पिक्सेलची असते, त्याहून रुंद स्कोपची २०४८ × ८५८. जुने १.३७चे सिनेमे या १.८५च्या चौकटीत मधोमध बसवलेले असतात. चित्र सुमारे १४८० पिक्सेल रुंद, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. आता डिजिटल प्रोजेक्टरचा काळा हा खरा काळा नसतो, थोडा प्रकाश झिरपतोच. मास्किंगचं कापड १.८५वरच ठेवलं तर ते पट्टे राखाडी दिसतात आणि रात्रीच्या प्रसंगात चित्राची कडच हरवते. तुम्ही प्रत्येक वेळी दोन्हीकडचं कापड चित्राच्या कडेपर्यंत आत आणलंत, अगदी बोटभर आतच. पहिल्या अंधाऱ्या प्रसंगात चेहऱ्यामागची भिंत कुठे संपते आणि पडदा कुठे संपतो हे स्वच्छ कळत होतं. हाच सिनेमा ३५ मिमीच्या प्रिंटवर, म्हणजे फिल्मच्या रिळांवर, असेल आणि घाईत १.८५चीच खिडकी (चित्राची कड ठरवणारी धातूची चौकट) मशीनमध्ये राहिली, तर वरखाली मिळून जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो. डोकी उडतात, आणि प्रेक्षकाला वाटतं कॅमेरामननेच चौकट चुकवली.

मग किल्ल्या. कुलूपबंद डीसीपी उघडायला लागणारी केडीएम, म्हणजे डिजिटल किल्ली, एका विशिष्ट सर्व्हरसाठीच (सिनेमा साठवून चालवणाऱ्या संगणकासाठीच) बनवलेली असते आणि तिला सुरू-बंद व्हायची वेळ असते. सिनेमा आधी सर्व्हरमध्ये भरून ठेवता येतो, पण किल्लीची वेळ लागेपर्यंत चालवून पाहता येत नाही. गर्दी वाढली म्हणून आयत्या वेळी खेळ शेजारच्या सभागृहात हलवला, तर जुनी किल्ली तिथे चालत नाही, नवी मागवावी लागते. भरायलाही वेळ लागतो. चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट धरले तर १०० मिनिटांच्या सिनेमाचं नुसतं चित्रच १८८ जीबीच्या घरात जातं. म्हणून आदल्या रात्री सगळे सभागृह सोडून जातात तेव्हा केबिनचा दिवा चालू असतो. खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला की रांगेतून पहिला आरडाओरडा ऑपरेटरच्या नावाने होतो. खरं तर किल्ली वितरकाकडून उशिरा आलेली असते, नाहीतर टाइम झोनच्या हिशेबात घोळ झालेला असतो.

लघुपटांच्या गुच्छाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. सहा लघुपट म्हणजे सहा वेगवेगळे आवाज. कुणी टीव्हीच्या हिशेबाने मिक्स केलेलं असतं, कुणी सिनेमाच्या. फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची कळ, ७ वर ही नेहमीची जागा, पण तिथेच सोडला तर एकाचं कुजबुजणं ऐकू येत नाही आणि दुसऱ्याच्या शीर्षकालाच कान झाकावे लागतात. त्यात रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज भरलेल्या सभागृहात दबतो, कारण माणसं आणि कपडे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात. प्रत्येक फिल्म आधी ऐकून तिचा आकडा कागदावर टिपून ठेवल्याशिवाय हे साधत नाही. त्यातून एखादी फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची निघाली, तर जुन्या पद्धतीच्या डीसीपीत तो वेग बसतच नाही. ती २४ वर आणली की १०० मिनिटांची १०४ होते आणि आवाज किंचित खाली उतरतो, पुढचं वेळापत्रकही सरकतं.

आणि शेवटच्या दिवशीचा ३५ मिमीचा खेळ! हा आमच्या सगळ्यांच्या फार जिव्हाळ्याचा.

फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे २,००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं. जतन केलेल्या प्रिंटची रिळं एकत्र जोडायला संग्रहालयं बहुधा परवानगी देत नाहीत, कारण तसं करताना प्रत्येक रिळाचं डोकं-शेपूट कापावं लागतं. त्यामुळे दोन मशीन, आणि दर वीसेक मिनिटांनी एकीवरून दुसरीवर. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, फक्त चार फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की झडप बदलायची. त्या क्षणी पापणी लवली तर पांढरा पडदा. सहा रिळं, पाच बदल, आणि पाचही वेळा पात्राचं वाक्य मध्ये तुटलं नाही.

त्याआधी बाकावर बसून केलेली तपासणी तर आम्हाला दिसलीही नसती, पण प्रिंट ज्या सहजतेने चालली त्यावरून ती झालेली होती हे कळलंच. हातमोजे घालून फिल्मची कड बोटांच्या चिमटीतून सरकवत न्यायची. कुठे भोक फाटलंय, कुठला जोड सैल आहे हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. जुनी ॲसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) फिल्म आकसते. आकसणं १ टक्क्याच्या आसपास गेलं की भोकं दात्यांवर नीट बसत नाहीत आणि फाटत जातात. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म सडायला लागलेली असते. पॉलिएस्टर फिल्मचं उलटं, ती तुटत नाही. अडकली तर मशीनचाच भाग वाकवते. शिवाय ध्वनीचा पट्टा त्याच्या चित्राच्या २१ फ्रेम पुढे छापलेला असतो. फिल्म ओवताना खालचा फास (फिल्मची सैल ठेवलेली वळी) दोन-तीन फ्रेमने चुकला की ओठ आणि शब्द वेगळे होतात. आमच्यापैकी जे कायम ओठांकडेच बघत बसतात त्यांनाही त्या रात्री काही सापडलं नाही.

श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावले नाहीत, त्याबद्दलही आभार.

आमच्यासारख्या प्रेक्षकांना एक सांगणं. पडद्यावर काही बिघडलं तर खुर्चीतून ओरडू नका. केबिनची काच जाड असते, मशीनचा आवाज वेगळाच, तिथवर काही पोहोचत नाही. दाराजवळ बसलेल्या एकाने बाहेर जाऊन स्वयंसेवकाला नेमकं सांगावं: ‘डावा कोपरा फोकसबाहेर आहे’, ‘सबटायटल्सची खालची ओळ कापली जातेय’, ‘मधला स्पीकर बंद आहे’. ‘नीट दिसत नाही’ एवढ्यावर ऑपरेटरला काहीच करता येत नाही, कारण फोकस, लेन्स आणि मास्किंग या तिन्हींचा इलाज वेगळा. लेन्स तापल्यावर फोकस थोडा सरकतोच, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत आलेला निरोप सगळ्यात कामाचा.

पुढच्या महोत्सवात आमच्यातला एक जण दर खेळाला दाराजवळच्याच खुर्चीत बसेल, हे आताच ठरवलंय. आणि ३५ मिमीचा खेळ असेल तर डबे वर चढवायला आणि खेळ झाल्यावर खाली उतरवायला आम्हाला नक्की बोलवा. डबा आडवाच धरायचा, उभा नाही, एवढं आम्हाला माहीत आहे.

तुमचेच,
चौथ्या रांगेतली मित्रमंडळी