लिस्बनहून, अण्णा-आईला

ती. अण्णा आणि आई यांना सा. न.

मी ठणठणीत आहे, हे आधी. आई, एकटी हिंडते ती दिवसाढवळ्याच. दिवेलागणीला खोलीवर असते. आणि पायी हिंडते, कारण इथल्या जुन्या गल्ल्यांत गाडी शिरतच नाही. अल्फामा नावाची वस्ती सगळी चढाची नि जिन्यांची. खिडकीखाली दोरीवर धुणं, उंबऱ्यात म्हाताऱ्या बसलेल्या. वाट चुकले तर त्याच हात करून दाखवतात. दगडी फरशी पावसात निसरडी होते, पण तू घ्यायला लावलेलेच बूट घालते. मार्तिम मोनिझ चौकाजवळ तूरडाळ, कोथिंबीर मिळाली. जेवणाची काळजी नको.

एक रीत मात्र पचत नाही. खाणावळीत बसलं की न मागता पाव, लोणी आणि ऑलिव्हची वाटी समोर येते. ऑलिव्ह म्हणजे आवळ्याहून लहान, खारवलेलं फळ. आपल्याकडे आल्याआल्या गूळ-पाणी ठेवतात तसंच वाटलं, म्हणून खाल्लं. बिलात पावाचे वेगळे, लोण्याचे वेगळे, ऑलिव्हचे वेगळे! हात लावला तर पैसे, नाही लावला तर नाही. 'नको' म्हटलं की उचलून नेतात, रागही धरत नाहीत. म्हणजे फसवणूक नाही, सगळ्यांना ठाऊक असलेली रीत आहे. पण समोर ठेवलेलं अन्न परत कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तीन दिवस पैसे देत राहिले.

अण्णा, पुढचं तुमच्यासाठी. १ नोव्हेंबर १७५५ ला इथं मोठा भूकंप झाला. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये. मागोमाग समुद्र आत आला, आग लागली. किल्लारीच्या भूकंपाच्या रात्री आपल्याकडंही लोक गणपती बुडवून निजलेले होते ना. कार्मो चर्चचं छप्पर तेव्हा पडलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानी उभ्या, वर आभाळ, खाली गवत. खालची बायशा पेठ मात्र सरळ रेघेत नव्यानं वसवली, आपल्या नव्या किल्लारीसारखी. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला, जमीन हलली तरी घर माणसांवर बसू नये म्हणून. आपल्या जुन्या घरांच्या भिंती नुसत्या दगड-मातीच्या.

त्या चर्चमध्ये मी तासभर बसले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तुम्ही आजीला ढिगाऱ्यातून काढलं, एवढंच मला माहीत, तेही आईकडून. मी आले की मला जुन्या गावात न्या. आपलं घर कुठं होतं ते दाखवा. पायीच जाऊ.

बस्त्यासाठी परवा पंच्याहत्तर हजार टाकलेत. सोयाबीन पडत्या भावात विकू नका, कमी पडलं तर मला सांगा. छकुलीच्या साखरपुड्याला सुट्टी मिळाली नाही, दोनदा मागितली. लग्नाला नक्की येते, तिकीट काढलंय. थोरलीच्या आधी धाकटीचं, असं लोक बोलतील आणि ते तुम्हालाच ऐकावं लागेल, कळतं मला. माझ्या स्थळाचं आल्यावर बोलू, टाळत नाही. छकुलीची ओटी भरताना व्हिडिओ कॉल तेवढा लावा. इथं पहाट असेल, मी उठून बसते.

तुमची,
थोरली