अर्धशिशीचा स्प्रे सर्दीच्या स्प्रेसारखा मारू नका

महोदय,

अर्धशिशीच्या काही रुग्णांना डॉक्टर गोळीऐवजी नाकात मारायचा स्प्रे लिहून देतात. दुखणे उठले की पोटाचे काम मंदावते, उलट्या होतात आणि गोळी आत नुसती पडून राहते किंवा बाहेर येते. म्हणून नाकाची वाट. पण दुकानातून खोका पिशवीत पडतो आणि तो वापरायचा कसा, हे घरातल्या सर्दीच्या स्प्रेच्या सवयीवरून ठरते. घोटाळा तिथेच होतो.

सुमाट्रिप्टान आणि झोल्मिट्रिप्टान ही यातली नेहमीची औषधे. यांचे बरेच स्प्रे एकाच डोसचे असतात. 'चालतो का बघू' म्हणून हवेत दाबला की डोस संपला, आणि डोके ठणकत असताना हातात रिकामे प्लास्टिक उरते. काही बाटल्या मात्र अनेक डोसच्या असतात. त्यातल्या काही पहिल्या वापराआधी हवेत दाबून तयार कराव्या लागतात. आपल्या हातात कोणती आहे, ते आतल्या माहितीपत्रकात असते. तो कागद फेकू नये, आणि दुखणे नसताना एकदा वाचून ठेवावा.

आता मारण्याची रीत. नाक हलकेच शिंकरा. डोके सरळ ठेवा, एक नाकपुडी बोटाने बंद करा आणि स्प्रेचे टोक दुसरीत साधारण एक सेंटिमीटर घाला. तोंड मिटून नाकाने हळू श्वास घेताघेता दट्ट्या शेवटपर्यंत दाबा. पुढचे १०-२० सेकंद डोके तसेच ठेवून श्वास नाकाने घ्या, तोंडाने सोडा. सर्दीच्या सवयीने जोरात हुंगू नका. हुंगले की औषध नाकाच्या अस्तरावर न थांबता घशात उतरते, तोंड कडूजहर होते आणि गुण यायला उशीर लागतो. थोडा कडवटपणा नीट मारूनही येतो, त्याने घाबरायचे कारण नाही.

वेळही महत्त्वाची. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसतात तेव्हा नव्हे, प्रत्यक्ष दुखायला लागले की लगेच मारावा. दुखणे थांबून परत आले तर दुसरा डोस किमान दोन तासांनी. प्रौढांसाठी २४ तासांतली कमाल मर्यादा सुमाट्रिप्टानच्या स्प्रेला ४० मिलिग्रॅम, झोल्मिट्रिप्टानला १०. डॉक्टरांनी कमी सांगितले असेल तर तेच खरे. पहिल्या डोसाने काडीचाही फरक पडला नाही, तर त्याच दुखण्यावर दुसरा मारण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सर्वांत मोठा धोका मात्र उसनवारीचा. 'माझ्या वहिनीला लागू पडला, तुम्हीही मारून बघा' हे इथे चालत नाही. ही औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात. हृदयविकार, पूर्वी आलेला पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ती वर्ज्यच. एर्गोटामाइन असलेली अर्धशिशीची जुनी गोळी घेतली असेल, तर त्यानंतर २४ तास हा स्प्रे नको, उलटेही तसेच. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी लिहून घेतानाच सांगा. स्प्रेनंतर छाती, गळा किंवा जबडा आवळल्यासारखा वाटला, तर पुढचा डोस न घेता तातडीने तपासून घ्यावे. आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, लुळा पडलेला हात किंवा अडखळणारी जीभ, यांपैकी काही दिसले तर स्प्रे शोधत बसू नका, थेट मिरज किंवा सांगलीतले मोठे रुग्णालय गाठा.

महिन्यात दहा किंवा त्याहून जास्त दिवस ही औषधे लागू लागली, तर औषधामुळेच डोके दुखू लागू शकते. कॅलेंडरवर खूण करत जा, डॉक्टरांना तेवढी पुरते. रोजचे प्रतिबंधक औषध सुरू करायचे का, हे त्यावरून ठरते.

स्प्रे ३० अंशांच्या आत ठेवा, गोठू देऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुचाकीची डिकी किंवा उन्हातली गाडी ही त्याची जागा नव्हे.

औषध विक्रेत्या बांधवांना एक विनंती: खोका देताना त्यावर पेनाने तीन गोष्टी लिहा. एक डोस की अनेक, दुसरा डोस किती तासांनी, आणि दिवसाची कमाल मर्यादा. अर्धा मिनिट लागतो.

– एक फार्मासिस्ट, विश्रामबाग, सांगली