निळी रेषा आधी, खांब नंतर

नॉरफोक, व्हर्जिनिया

प्रिय विनू,

तुझा आराखडा मिळाला. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ निसर्ग-केंद्र, खाली खांब, वर मुलांचे वर्ग, छपरावर सोलर. चित्र देखणं झालंय, शंका नाही. ‘तुमच्या तिकडे पाण्याकाठी असली एक इमारत आहे म्हणे, सगळं सविस्तर लिही’ असं तू म्हणालास, म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर तू मला दोन वाक्यंसुद्धा पुरी करू देत नाहीस.

ती इमारत म्हणजे ब्रॉक एन्व्हायर्नमेंटल सेंटर. माझ्या घरापासून गाडीने जवळ, व्हर्जिनिया बीच शहरात, लिनहेवन नदीच्या काठी. नदी म्हटलं तरी कृष्णा डोळ्यांसमोर आणू नकोस. ही भरती-ओहोटीवर चालणारी खारी खाडीच आहे, कालवांसाठी प्रसिद्ध. चेसापीक उपसागर वाचवण्यासाठी झटणाऱ्या चेसापीक बे फाउंडेशनने २०१४ साली ही इमारत बांधली.

पण इमारतीच्या आधी जमिनीची गोष्ट ऐक, कारण माझ्या मते सगळं मर्म तिथंच आहे. प्लेझर हाउस पॉइंट नावाचा हा तुकडा, सुमारे ११८ एकर. दलदल, वाळू, सदाहरित ओकची झाडी. तिथं एका बिल्डरला हजाराहून जास्त घरांची वसाहत उठवायची होती. मग २००८ची मंदी आली, बेत कोसळला, जमीन बँकेकडे गेली. लोकांनी आणि संस्थांनी पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये शहराने ती विकत घेतली. आज तिथं पायवाटा आहेत, पक्षी आहेत आणि एका कोपऱ्यात हे केंद्र. पुराविरुद्धची सगळ्यांत मोठी तजवीज कुठली म्हणशील तर ती न बांधलेली हजार घरं! बाकीचं सगळं त्यानंतर.

आता इमारत. साडेदहा हजार चौरस फूट, लांबट, किंचित वळलेली, छपरावर जस्ताचे पत्रे. जमिनीवर टेकलेलीच नाही. खांबांवर उभी आणि जोत्याची पातळी समुद्रसपाटीपासून १४ फुटांवर. चाकाची खुर्ची जाईल असा लांब उतार चढून वर जायचं. खाली मोकळं. वादळात पाणी आलं तर त्याला अडवायचं नाही, खालून जाऊ द्यायचं. एवढी उंची उगाच नाही ठेवली. इथल्या सिवेल्स पॉइंटच्या भरतीमापकावर शंभर वर्षांत पाणी साधारण दीड फूट चढलंय. समुद्र वर येतोय आणि जमीनही खचतेय. भूजलाचा उपसा हे त्याचं एक कारण. त्यामुळे स्वच्छ ऊन पडलेलं असतानाही भरतीला नॉरफोकच्या काही रस्त्यांवर पाणी असतं. माझ्या शेजारणीने गाडी लावायची जागा भरतीचं कोष्टक बघून ठरवायची सवय लावून घेतलीय.

पवनचक्क्या दोन आहेत, छपरावर सोलर आहे, जमिनीत खोल नळ घालून तिथल्या स्थिर तापमानावर गरम-गार हवा करतात. पहिल्याच वर्षी वापरली त्याहून ८० टक्क्यांपेक्षा अधिक जादा वीज निघाली. लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज नावाचं एक कडक प्रमाणपत्र असतं, त्यात कागदावरचे दावे चालत नाहीत. बारा महिने इमारत वापरून आकडे दाखवावे लागतात. ते २०१६ मध्ये मिळालं. फोटो सगळे पवनचक्क्यांचेच काढतात. मला त्यांचं एवढं अप्रूप वाटत नाही, आणि संगमावर त्या लावण्याचा नाद तू सोड.

मला भुरळ पडली ती पाण्याची. छपरावरचा पाऊस टाक्यांत घेतात, बारीक गाळण्यांतून काढतात, अतिनील दिव्याखालून सोडतात आणि तेच पाणी पितात. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सरकारी पेयजलाच्या निकषांनुसार असा परवाना मिळालेली ही पहिली व्यावसायिक इमारत. हात धुतलेलं पाणी बागेतल्या वाफ्यांत मुरतं, संडास कंपोस्टचे, म्हणजे गटाराला जोडणी नाही आणि पुरात मैला उलटा वर यायची भीती नाही. सांगली-कोल्हापुराकडे तर चहूकडे पाणी आणि पिण्यासाठी टँकरची वाट, हे तू २०१९ आणि २०२१ला भोगलंयस. तुझ्या केंद्राला एकच महागडी गोष्ट परवडणार असेल तर ही घे. पण नमुने वेळच्या वेळी तपासून घेणारा माणूस आधी ठरव. यंत्र घ्यायला देणगीदार मिळतो, गाळणी बदलायला मिळत नाही.

सामानाचीही गंमत आहे. नदीच्या तळाशी जुन्या काळी बुडालेले सायप्रसचे ओंडके वर काढून बाहेरची फळ्यांची भिंत केलीय. शाळेच्या जिम्नॅशियममधली जुनी फरशी, प्रेक्षकांच्या बाकांची लाकडं, कपाटांना बाटलीच्या बुचांच्या मुठी. याच संस्थेची अ‍ॅनापोलिसची इमारत २००० सालची; तिथं तर ऊन अडवायच्या पट्ट्या लोणच्याच्या जुन्या पिंपांच्या लाकडाच्या आहेत! तुला हे जड नाही. मिरज-सांगलीत जुने वाडे पाडले जातायत, त्यांची सागवानी दारं, तुळया भंगारात जातात. आत्तापासून गोळा कर.

मात्र इथलं जसंच्या तसं उचलू नकोस. इथं वादळाचं पाणी बहुधा भरतीबरोबर येतं-जातं. कृष्णा तशी नाही. ती दिवसेंदिवस मुक्काम ठोकते आणि जाताना गाळ ठेवून जाते. २०१९ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची ४५ असताना. तेव्हा खालची जागा नुसती मोकळी असून भागणार नाही. होजने धुता येईल, गाळ फावड्याने ओढता येईल असा उतार हवा. मीटर, पंप, वायरिंग सगळं वर. काळ्या मातीत खांब साधे नकोत, पायाशी फुगीर असणारे अंडर-रीम्ड पाइल घे. काळी माती फुगते-आकसते म्हणून रुरकीच्या संशोधन संस्थेने विकसित केलेलं तंत्र आहे, आपलंच. आणि वाहत येणारं झाड खांबाला आदळलं तर काय, हे डिझायनरला लेखी विचार.

इथलं एक खटकतं, तेही सांगतो. केंद्र कोरडं राहील, पण तिथं जायचे रस्ते? २०१६च्या मॅथ्यू वादळात याच शहरातल्या वस्त्या पाण्यात गेल्या. २०२१ला मतदारांनी पूरनियंत्रणासाठी ५६ कोटी ७५ लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हा कुठे मोठी कामं सुरू झाली. एक इमारत शहाणी झाली म्हणून आजूबाजूचं गाव वाचत नाही. हरिपूरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २००५ला पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरून हळद गेली होती, ती पेवं तर पिढ्यान्‌पिढ्या बिनघोर होती.

म्हणून माझा मुख्य प्रश्न आराखड्याबद्दल नाहीच. जागा निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर? आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात असेल, तर कितीही उंच खांब घे, तिथं बांधकाम नको. निळ्या आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) रेषेच्या मध्ये असेल तर अटी पाळून बघता येईल. पाटबंधारे खात्याचा नकाशा काढ, त्यावर तुझा गट नंबर लाल शाईने दाखव आणि त्याचा फोटो मला पाठव. गावातल्या जुन्या भिंतींवर २००५, २०१९, २०२१च्या पुराच्या खुणा असतील, त्यांच्यापासून जागेपर्यंत लेव्हल घेऊन ठेव. उन्हाळ्यात, माती कोरडी असताना.

आत निघाली तर ती जागा तशीच ठेवून झाडं लाव, आणि वर्ग गावातल्या एखाद्या उंचवट्यावर भरव. देणगीदार नाराज होईल, मला ठाऊक आहे. त्याच्याशी मी बोलतो हवं तर.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं? वहिनींना नमस्कार सांग, आणि नकाशा विसरू नकोस.

तुझा,
सुध्या