अहिराणी बोलणाऱ्या त्या तरुणाचे आभार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या दोन मुलांना घेऊन खोपोलीजवळील थीम पार्क पाहायला गेले होते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. पतीची रजा ऐन वेळी रद्द झाली, तिकिटे मात्र आधीच काढलेली होती. म्हणून चाळीसगावहून रात्रीच्या गाडीने कल्याण, तेथून खोपोली लोकल आणि पुढे रिक्षा असा प्रवास मी एकटीनेच दोन्ही लेकरांना सांभाळत केला. त्या दिवशी ज्यांनी आम्हाला हात दिला, त्यांपैकी एकाचेही नाव मी विचारले नाही, याची रुखरुख अजून जात नाही. त्यांच्यातला एक तरुण आपल्या खान्देशातला होता आणि कदाचित त्याच्या घरी आपले दैनिक येत असेल, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

वेगवेगळ्या वयांची मुले घेऊन अशा ठिकाणी गेलेल्या पालकांना माझी पहिली अडचण लगेच कळेल. मोठ्या राइडच्या दाराशी उंची मोजण्याची पट्टी लावलेली असते. माझी मुलगी त्या पट्टीत बसली, पण तिच्यासोबत कोणीतरी मोठे माणूस हवे होते. मुलगा बसला नाही आणि त्याला एकट्याला बाहेर ठेवणे शक्यच नव्हते. अर्धा तास रांगेत उभे राहून मागे फिरायची वेळ आली, तेव्हा मुलीचा चेहरा एवढासा झाला. आमच्या मागे सोलापूरकडच्या एक आजी सुना-नातवंडांसह उभ्या होत्या. ‘बाळाला माझ्यापाशी ठेवा, तुम्ही लेकीला घेऊन जा,’ असे त्या म्हणाल्या. मी घुटमळले. अनोळखी माणसाच्या हाती मूल कसे द्यायचे, हा विचार माझ्या तोंडावर स्पष्ट दिसला असावा. पण त्यांनी त्याचे जराही वाईट वाटून घेतले नाही. उलट त्याच म्हणाल्या, ‘बरोबर आहे तुमचं. मग असं करू, माझी सून नातवाला घेऊन चाललीच आहे, तिच्या शेजारी तुमची लेक बसेल. तुम्ही इथून बघत राहा.’ आणि तसेच झाले. मुलगी माझ्या डोळ्यांसमोर त्या वहिनींच्या शेजारी बसली आणि हसत परत आली. तेवढ्यात आजींना मुलाच्या सँडलचा तुटलेला पट्टा दिसला. त्यांनी आपल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, पट्टा दुमडून, टोक पायाला लागणार नाही अशी बाहेरच्या बाजूने ती टोचली आणि त्या सँडलवर माझा मुलगा पुढे दिवसभर चालला.

दुपारी मात्र माझ्या काळजाचा ठोका चुकला. एक खेळ सुटला आणि गर्दी एकदम बाहेर लोटली. मुलीचे सुटलेले केस बांधण्यासाठी मी मुलाचा हात क्षणभर सोडला. चूक सर्वस्वी माझी होती. वर पाहते तो मुलगा नाही. पुढची दहा-बारा मिनिटे कशी गेली ते मला सांगता येणार नाही. मुलीचे मनगट घट्ट धरून मी हाका मारत सुटले होते. अखेर गणवेशातला एक सुरक्षारक्षक आणि त्याच्यासोबत एक मुलगा मला शोधत आले व कारंज्यापाशी घेऊन गेले. तेथे माझा लेक कट्ट्यावर बसलेला होता आणि त्याच्यासमोर हातभर अंतर ठेवून एक तरुण उकिडवा बसून त्याच्याशी बोलत होता. घरी आजीच्या तोंडून अहिराणी ऐकत वाढलेला माझा मुलगा रडताना ‘मनी माय कोठे शे?’ एवढेच म्हणत होता आणि आजूबाजूच्या कित्येकांना त्याचे बोलणे नीट कळत नव्हते. त्या तरुणाने ते ऐकले आणि त्याच बोलीत म्हटले, ‘रडू नको भाऊ, तुनी माय आत्ते येस.’ आपल्या बोलीतला हा आवाज कानी पडताच मुलाचे रडे थांबले, असे त्याच्या मित्राने मला सांगितले.

तो तरुण शिंदखेडा तालुक्यातला, नोकरीनिमित्त अंबरनाथला राहणारा. त्याने जे केले ते मला फार मोलाचे वाटते. त्याने मुलाला कडेवर घेतले नाही, खाऊचे आमिष दाखवले नाही, शोधायच्या नावाखाली इकडेतिकडे फिरवले नाही. मूल जेथे सापडले तेथेच, चार माणसांच्या देखत, तो बसून राहिला आणि मित्राला सुरक्षारक्षकाकडे धाडले. सुरक्षारक्षकानेही मूल लगेच माझ्या हवाली केले नाही. आधी त्याचे नाव विचारले, मोबाइलमधला फोटो पाहिला. त्या क्षणी मला घाई झाली होती, पण आज त्या दोघांच्याही काळजीपूर्वक वागण्याचे मला मोल कळते.

‘अनोळखी माणसाशी बोलायचे नाही’ असे आपण मुलांना बजावतो, आणि ते योग्यच आहे. पण हरवल्यावर कोणाशी बोलायचे, हे मी माझ्या मुलाला कधी शिकवलेच नव्हते. आता शिकवते: जागेवरून हलू नकोस, गणवेशातल्या माणसाला किंवा लहान मुले सोबत असलेल्या बाईला सांग, आणि आईचे पूर्ण नाव सांग. बाहेर पडताना त्याच्या मनगटावर पेनाने माझा मोबाइल क्रमांक लिहिते आणि त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढून ठेवते.

हे केवळ थीम पार्कपुरते नाही. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, नवरात्रात पाटणादेवीला अशीच गर्दी असते. तेथील यात्रा समित्यांनी हरवलेल्या मुलांसाठी एक ठरावीक जागा ठेवावी आणि तेथे १०९८ हा क्रमांक ठळक लिहावा, अशी माझी विनंती आहे. मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेली ही बालकांसाठीची मोफत दूरध्वनी सेवा रात्रंदिवस चालते. परंतु आमच्या गल्लीतल्या दहा जणींना विचारले, तर दोघींनाच ती ठाऊक होती.

शिंदखेड्याकडच्या कुणा आईवडिलांचा मुलगा अंबरनाथला नोकरीला असेल आणि दिवाळीत मित्रांसोबत खोपोलीला गेला असेल, तर त्यांनी त्याला एवढे कळवावे: ज्याला त्याने ‘भाऊ’ म्हटले, तो आता घरी आजीला रोज त्याची गोष्ट सांगतो, आणि चाळीसगावात त्याच्यासाठी एक घर कायम उघडे आहे.

आपली,
एक आई
चाळीसगाव, जि. जळगाव