‘उष्णतेचे जनुक’ सापडले म्हणजे नेमके काय?

महोदय,

‘उष्णता सोसणारे जनुक सापडले’ असा मथळा अधूनमधून वाचायला मिळतो. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली असल्याने अशा बातमीवर गप्प बसवत नाही.

पारा चढला की पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागतात. एरवी एचएसपी-७० हे प्रथिन एचएसएफ नावाच्या नियामकांना धरून बसलेले असते. विस्कटलेल्यांना सावरायला ते धावले की नियामक मोकळे होतात आणि काही मिनिटांतच बचावाची असंख्य जनुके कामाला लावतात. बरे, हे नियामक तरी किती? प्रयोगशाळांच्या लाडक्या अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपात, ते २१ आहेत! त्यातला एचएसएफए-२ तर डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवर रासायनिक खुणा ठेवायला मदत करतो. त्या काही दिवस टिकतात, म्हणून आधी सौम्य झळ सोसलेले रोप पुढच्या कडक झळीत तगते.

पण याच वेळी वाढीची कित्येक जनुके मंदावलेली असतात, आणि हे बातमीत येत नाही. खरी गोम तिथेच आहे. तासा-दोन तासांसाठी हा सौदा परवडतो. उष्मा आठवडेच्या आठवडे हटला नाही, रात्रीही गारवा नसला, तर श्वसनात साखर जळतच राहते. मग दुरुस्तीचा खर्च भागवायचा कशातून?

परागकणांची तर आणखी पंचाईत. ते घडत असतानाच उष्णता लागली की बिघडतात. अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगद्रव्याचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर निरोगी कण टपोरे, लालभडक दिसतात. तापलेल्या रोपाच्या फुलातले बरेचसे फिके, आक्रसलेले. त्याच रोपाची पाने मात्र हिरवीगार! विद्यार्थी हे पाहून चक्रावत.

अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या रणरणत्या वाळवंटातले टायडेस्ट्रोमिया नावाचे रोप ४५ अंशांच्या आसपासही जोमाने प्रकाशसंश्लेषण करते, हे खरे. पण तेही एखाद्या जनुकाच्या जिवावर नव्हे. तिथे हजारो जनुकांची जुळवाजुळव होते, हरितलवकांचा आकारसुद्धा बदलतो.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना एक विनंती: पुढच्या वेळी संशोधकांना विचारा, रोपे किती दिवस तापवली, रात्रीचे तापमान किती ठेवले आणि शेवटी दाणे भरले का?

— एक निवृत्त प्राध्यापिका