आदोळीला व्हार्निश लावू नका

संपादक महोदय,

चतुर्थीपूर्वीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरचे सामान खाली येते आणि बरेचसे भंगारवाल्याकडे जाते. ज्या वाचनालयांना वा मंडळांना हेच सामान मागून घेऊन गावाच्या आठवणींची मांडणी करायची आहे, त्यांनी आत्ताच कामाला लागावे. फक्त वस्तू चकचकीत करू नयेत.

नारळ खोवायची आदोळी घ्या. पाय दाबून धरायचा तेवढीच फळी गुळगुळीत झालेली असते, रसाने लाकूड काळवंडलेले असते, काही दाते झिजलेले तर काही शाबूत. घरची बाई कशी बसायची, नारळाची कवड कशी फिरवायची, ते यातून दिसते. व्हार्निशचा एक हात बसला की ते संपले. तांब्या-पितळेला चिंच-मीठ लावले तर वरचा थर आणि बारीक खुणा जातात. मीठ नीट धुतले गेले नाही तर आपल्या दमट हवेत हिरवे डाग उठतात. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, बस्स. लाकडाखाली ताजा भुगा पडत असेल तर ती वस्तू पिशवीत घट्ट बांधून वेगळी ठेवावी, नाहीतर कीड शेजारच्या सुपात शिरते.

क्रमांकाची चिठ्ठी सुती नाडीने बांधावी. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी-पितळ काळे पडते, चिकटपट्टीचा गोंद सुटता सुटत नाही.

आठवण टिपताना वस्तू सांगणाऱ्याच्या हातात द्यावी. पंखा बंद, आवाज टिपणारा मोबाइल वीतभर अंतरावर. ‘यामागची आठवण सांगा’ म्हटले की माणूस भाषण करू लागतो. त्यापेक्षा ‘हे घरात कुठे ठेवलेले असायचे? याला हात कोण लावू देत नसे?’ असे विचारावे. पाच मिनिटे पुरतात. कोंकणीत सांगितले तर वस्तूशेजारच्या कार्डावर कोंकणीच ठेवावी. ‘वायन’ खोडून तिथे ‘उखळ’ लिहिले की सांगणाऱ्याचा आवाजच जातो. कार्ड चाळीस शब्दांच्या आत असावे. शेजारी कोरी कार्डे आणि पेन्सिली ठेवाव्यात, म्हणजे बघायला आलेलेही आपापल्या घरचे लिहून जातील.

चिनी कलावंत सोंग दोंग यांनी २००५ मध्ये बीजिंगला आईने साठवलेल्या दहा हजारांहून अधिक घरगुती वस्तू मांडल्या, तेव्हा मांडायला आई स्वतः होती. आपल्याकडेही कुठली वस्तू कुठे ठेवायची हे तिच्या मालकिणीने सांगावे, सजावट करणाऱ्याने नव्हे.

पावती दोन प्रतींत करावी आणि घेतानाच पोचे, तडे दिसतील असा फोटो काढावा. परत देताना होणारी भांडणे बहुतेक इथलीच असतात. कुणाला आठवण सांगायची आहे पण नाव नको असेल, तर तेही पावतीवरच लिहून घ्यावे.

पंचायतींना एकच विनंती: चतुर्थीनंतर चार दिवस सभागृह विनाभाडे द्यावे, आणि पायऱ्या न चढता येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तळमजल्यावरचे द्यावे.

– एक वाचक, फोंडा